कशाची सदस्यता?

ताईला आलेला मेसेज मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. 'प्रिय ग्राहक, तुमची प्रीमियम सदस्यता आज संध्याकाळी स्वयंचलित नूतनीकरण होत आहे. शुल्क तुमच्या बँक खात्यातून कपात केले जाईल. रद्द करण्यासाठी त्वरित संपर्क साधावे.' खाली एक मोबाइल नंबर.

मी ठाण्याच्या कोर्टात भाषांतरकार होते. फिर्यादी, जबाब, खरेदीखतं, मृत्युपत्रं, सगळं या भाषेतून त्या भाषेत केलं. वाईट मराठीची मला सवय आहे. सरकारी मराठी तर मी स्वतःच रांधून लोकांना वाढली. पण या मेसेजची मराठी वाईटसुद्धा नव्हती, ती कुणाचीच नव्हती. यंत्रातून काढायची आणि न वाचता हजारो लोकांकडे ढकलायची. चोरानं निदान आपला कागद एकदा वाचून बघावा, तेवढेही कष्ट या लोकांनी घेतले नव्हते. आणि तेवढ्यावर त्यांचं काम झालं, हे मला अजून पचलेलं नाही.

ताई माझ्याहून मोठी. कल्याणच्या एका सहकारी बँकेत ती काउंटरवर होती. बंडलातली खोटी नोट तिच्या बोटांना आधी कळायची, डोळ्यांना मागाहून. भावोजी गेल्यानंतर ती कोपरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला लागली. एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, ठाण्यात घोडबंदर रोडला उंच इमारतीत राहतो आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. बँकेचं आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो तो तेच म्हणाला. "बँकेत होत्या ना त्या? मग?" हा 'मग' म्हणताना लोकांच्या तोंडावर जी तृप्ती यायची ती मी विसरणार नाही. दुसऱ्याच्या घरी चोरी झाली की आपल्या कडीकुलपाचं कौतुक करणारी ही जमात आहे.

त्या दुपारी ताई मेथी निवडत बसली होती. मेसेज आला, तिनं वाचला आणि त्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. अर्धी हिंदी, अर्धी मराठी. आवाज इतका गोड, की ताई म्हणाली, आपल्या घरातलं कुणी माझ्याशी असं बोललं त्याला कैक वर्षं झाली.

"मॅडम, घाबरू नका. तुम्हाला नको आहे ना? मी आहे ना. मी लगेच कॅन्सल करून देते."

"पैसे कापले जाणार नाहीत ना?"

"एक रुपया नाही जाणार. मावशी, तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल ना?"

मग मावशीकडून तिनं एक ॲप उतरवून घेतलं. तुमची स्क्रीन मला दिसली की मीच फॉर्म भरून देते, तुम्हाला त्रास नको, असं म्हणाली. ताईनं उतरवलं. मग ती म्हणाली, आता तुमच्या बँकेच्या ॲपवर रद्द करायची विनंती येईल, ती पिन टाकून मान्य करा. ताईनं पिन टाकला. विनंती पुन्हा आली. "सर्व्हर स्लो आहे मावशी, परत टाका." ताईनं परत टाकला. नंतर बँकेचे मेसेज एकामागोमाग येऊन आदळायला लागले, तेव्हा तिनं फोन कट केला. तरी स्क्रीनवर काहीतरी आपोआप सरकत होतं.

किती गेले ते मी लिहीत नाही. आकडा सांगितला की ऐकणारा लगेच ठरवतो, हळहळायचं की हसायचं. एवढंच सांगते, की निवृत्तीनंतर स्वतःसाठी म्हणून तिनं बाजूला ठेवलेले पैसे होते ते, आणि त्यातले बहुतेक गेले.

तिनं मला शेजारणीच्या फोनवरून फोन केला. आवाज अगदी साधा. बँकेत कॅश जुळली नाही की ती याच आवाजात बोलायची.

"अगं, घोळ झालाय एक."

"कसला?"

"पैसे गेले. तुझ्या कोर्टात यायची ना तसली केस, तसं झालंय माझं."

मी तिला आधी तिचा फोन पूर्ण बंद करायला सांगितलं. मग शेजारणीच्याच फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवायचं, आणि सायबर फसवणुकीसाठी सरकारी मदतीचा नंबर आहे त्यावर तक्रार नोंदवायची. पहिल्या तासा-दोन तासांत सांगितलं तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात, हे मला फिर्यादींची भाषांतरं करून माहीत होतं. तिनं सगळं केलं. बँकेच्या नंबरवर आधी तिला नव्या कर्जाची जाहिरात ऐकावी लागली, मग सनई ऐकावी लागली. लुटलेल्या माणसाला सनई ऐकवायची कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

मी कोपरला पोहोचले तेव्हा ताई जमिनीवर मेथीच्या ढिगापुढे बसलेली होती. निवडणं थांबलेलं.

"फोन कुठे आहे?"

"तांदळाच्या डब्यात."

"तिथे कशाला?"

"ती अजून बघत असेल तर?"

डब्यावर घट्ट झाकण, आणि त्या झाकणावर तिनं खलबत्ता ठेवला होता. मला हसू आलं नाही. फोन बंद झाला की कुणी बघत नाही, हे तिला माहीत होतं. पण घरात कुणीतरी शिरून गेल्यावर माणूस माहीत असलेलंही धरून चालत नाही.

मी तिच्यासमोर बसले. मेथीची जुडी ओढून निवडायला घेतली आणि विचारलं, "ताई, तुझी सदस्यता होती तरी कशाची?"

"कसलीच नाही."

"मग रद्द करायला फोन कशाला केलास?"

ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. आयुष्यभर मी साक्षीदारांचे जबाब वाचले आहेत. माणूस कुठे गप्प होतो ते मला कळतं. पण ही माझी बहीण होती, उलटतपासणी घ्यायला मी बसले नव्हते. मी चहा प्यायले.

संध्याकाळी भाचा गाडी घेऊन आला. आल्या आल्या त्यानं आईला विचारलं ते हे. "आई, तुला किती वेळा सांगितलंय?" तो पाण्याचा ग्लास हातात धरून पंधरा मिनिटं बोलला. अनोळखी नंबर, लिंक, ॲप. तो बोलला त्यात चूक काहीच नव्हतं. खऱ्या कंपनीला पैसे कापायचे असतील तर ती कशाचे ते नावानिशी सांगते. रद्द करायचं असेल तर आपणच त्यांच्या ॲपमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन बघायचं, मेसेजमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. पैसे परत घ्यायला किंवा न द्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. सगळं खरं. फक्त तो ज्या सुरात बोलत होता तो सूर शाळेत नापास झालेल्या मुलासाठी असतो. ताई समोर हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि मला त्या गोड आवाजाच्या मुलीची आठवण झाली. ती निदान 'घाबरू नका' म्हणाली होती. चोराकडे जेवढी रीतभात होती तेवढी पोटच्या मुलाकडे नसावी, याचा मला राग आला, आणि त्या चोरट्यांना ही दरी पक्की माहीत असणार म्हणून त्यांचाही.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. सायबरच्या टेबलावर एक तरुण पोलीस बाई होती. तिच्यासमोर डबा उघडा होता आणि ती पोळीचा घास घेत घेत टाइप करत होती. ताईचं नाव, पत्ता, खात्याची माहिती झाली. मग तिनं वर न बघता विचारलं, "काकू, सबस्क्रिप्शन कशाचं होतं?"

भाचा म्हणाला, "काही नव्हतंच हो मॅडम. हिला त्यातलं काही कळत नाही. मेसेज आला की घाबरते."

"कळतं मला," ताई म्हणाली. "सदस्यता होती."

"आई, कसली?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्या पोलीस बाईला म्हणाली, "ज्येष्ठांची लग्नं जुळवणारी एक साइट आहे. तिथे मी पैसे भरून नाव घातलंय. मला वाटलं त्याचेच पैसे कापणार आहेत. मुलानं कधी माझा फोन हातात घेतला तर मेसेज वाचेल, त्याच्या आत बंद करावं म्हणून मी फोन केला."

टेबलावर पंखा फिरत होता. भाच्याचा चेहरा मी पाहिला. पैसे गेल्याचं कळलं तेव्हा तो एवढा उतरला नव्हता. तो म्हणाला, "मी गाडीत थांबतो." आणि उठून गेला.

त्या पोलीस बाईनं घास गिळला. "साइटचं मेसेजमध्ये नाव होतं का काकू?"

"नव्हतं."

"नसतंच. मुद्दाम नसतं. ज्याचं त्यानं समजून घ्यायचं." तिनं टाइप केलं, मग विचारलं, "खऱ्या साइटवरची सदस्यता चालू आहे ना? ते वेगळं ठेवू, त्याचा यात संबंध नाही." एवढंच. तिनं ना हसू दाबलं, ना डोळे वटारले. सबंध दिवसात ताईशी सरळ बोललेली ती पहिली व्यक्ती असावी.

मला त्या मेसेजची सगळी करामत तिथे कळली. लोक म्हणतात, काय डोकं चालतं या चोरांचं. कसलं डोकं. ताईच्या साइटबद्दल त्यांना काडीचीही माहिती नव्हती. त्यांनी एक रिकामी जागा पाठवली होती. 'तुमची सदस्यता.' ती जागा वाचणाऱ्यानंच आपल्याकडचं काहीतरी घालून भरायची. कुणी त्यात मुलीच्या अभ्यासाच्या क्लासचं नाव घालेल, कुणी जिमचं, कुणी बायकोपासून लपवलेल्या कसल्या चॅनेलचं. ज्याला लपवायचं आहे तो विचारायला जात नाही, तो घाईनं फोन करतो. बोलायला भाड्यानं पोरी बसवल्या की झालं. ही हुशारी नव्हे. अंधारात दगड भिरकवावेत आणि कुणाच्या तरी कपाळाला लागला की स्वतःला नेमबाज म्हणवावं, त्यातलं हे.

पण दगड लागला तो ताईलाच का, याचं उत्तर कोपरच्या फ्लॅटमध्ये मिळालं. पोलीस ठाण्यातून घरी आल्यावर भाच्यानं दार लावलं आणि खिडकीही लावली. मग त्यानं जे सुरू केलं त्यात चोरीचा शब्द फार थोडा होता.

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली, आणि तू हे? सोसायटीत कळलं तर? हिच्या माहेरी काय सांगू मी?" 'हिच्या' म्हणजे त्याच्या बायकोच्या. "तुला काय कमी आहे? औषधं येतात, किराणा मी ऑनलाइन पाठवतो, रोज फोन करतो."

"करतोस," ताई म्हणाली.

"मग?"

"रोज विचारतोस, गोळ्या घेतल्यास का."

"विचारू नको?"

"विचार की. पण दिवसभरात मला तेवढा एकच प्रश्न विचारला जातो रे. मला दुसरा एखादा प्रश्न हवा होता."

यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. तो म्हणाला, "ठीक आहे. उद्यापासून हा फोन माझ्याकडे. तुला बटणांचा साधा फोन आणून देतो. खातं पण मीच बघत जाईन. सेफ्टी म्हणून."

मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. ताईनंच उघडलं.

"ती मुलगी पण सेफ्टीच म्हणत होती," ती म्हणाली. "तिनं पिन मागितला. तू फोन, खातं दोन्ही मागतोयस. तिला तर मी ओळखत नव्हते."

तो फार दुखावला. आवाज चढवून म्हणाला, "आई, तू मला चोराच्या रांगेत बसवतेस?"

"नाही रे बाळा. चोर पैसे घेऊन निघून जातो."

तो निघून गेला. मी ताईजवळच राहिले. सकाळी उठले तर ती ओट्याशी होती, तांदळाच्या डब्यातून फोन काढून, फडक्यानं पुसत. "भात करायला हवा ना," म्हणाली.

पुढचे काही आठवडे आम्हा नातेवाइकांचे फोन चालू होते. भाच्यानं लग्नाच्या साइटचं कुणाला सांगितलं नव्हतं, पण चोरीचं सगळीकडे सांगितलं होतं. त्याच्या मते ते सांगणं सुरक्षित होतं. एकानं ताईला सावध राहण्याचे व्हिडिओ पाठवले. दुसऱ्यानं विचारलं, मेसेजमध्ये चुका होत्या ना, मग कशी फसलीस. ताईनं मला विचारलं, "चुका नसत्या तर फसायला परवानगी होती का?" मला तिचा हा सूर आवडायला लागला होता. आधी ती असलं काही बोलायची नाही.

मग एक दिवस मी तिथे असतानाच तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी म्हटलं, उचलू नकोस. ती म्हणाली, "मला बघायचंय." तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

पुरुषाचा आवाज होता. सरकारी असावा असा जड केलेला. "नमस्कार. मी रिफंड डिपार्टमेंटमधून बोलतोय. आपली फसवणूक झालेली आहे ना मॅडम? सदस्यता शुल्काच्या नावानं?"

"झालीय."

"तुमचे पैसे मंजूर झालेले आहेत. फक्त एक छोटी प्रक्रिया आहे."

मी हातानं खुणा करत होते, की ठेव. लुटलेल्यांची नावं या टोळ्या एकमेकींना विकतात आणि त्याच माणसाला पुन्हा गाठतात, हे मी फिर्यादींमध्ये वाचलं होतं. एकदा चावून पाहिलेला तुकडा पुन्हा चावायला येणारी ही कुत्री. ताईनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"पैसे परत येतील?" ती म्हणाली.

"शंभर टक्के. तुमच्या फोनवर एक विनंती येईल, पिन टाका."

"बरं. पण आधी मला एक सांगा. माझी सदस्यता कशाची होती?"

"प्रीमियम सदस्यता, मॅडम."

"हो, पण कशाची?"

"ते सिस्टममध्ये आहे मॅडम. तुमच्या सुरक्षेसाठी मी सांगू शकत नाही."

"तुमच्यासमोर सिस्टम आहे ना? वाचा."

"मूव्हीची होती ना, मॅडम?"

"नाही."

"म्युझिकची असेल."

"नाही हो."

त्यानं सुस्कारा टाकला. जड आवाज गळून पडला आणि मागून एक अगदी कोवळा, वैतागलेला आवाज आला. "मॅडम, तुम्हाला पैसे पाहिजेत की नाही?"

"पाहिजेत ना. पण तुम्हाला पगार कोण देतं? त्यांना म्हणावं, थोडं शिकवा तुम्हाला. पाठवलाय तो मेसेज पण धड नाहीये. संपर्क साधावे. काय साधावे?"

त्यानं शिवी दिली आणि फोन ठेवला. ताईनं नंबर ब्लॉक केला. तक्रारीच्या साइटवर तो नंबर टाकायचा होता, तो तिनं स्वतः टाकला. चष्मा कपाळावर सरकवून ती मला म्हणाली, "अगं, पोरगाच होता गं. आमच्याकडे शिपाई म्हणून पण ठेवला नसता." पाणी पिताना मात्र ग्लास दातांवर वाजला, तो मी ऐकला.

पैशांचं पुढे असं झालं. वेळेवर कळवल्यामुळे काही रक्कम एका अनोळखी खात्यात अडकली होती. ते खातं शहाडच्या एका माणसाचं निघालं. कमिशनच्या लोभानं त्यानं आपलं खातं वापरायला दिलं होतं. चौकशीत त्यानं सांगितलं, मला वाटलं घरबसल्या काम आहे. आपल्या दाराशी चोरीचा माल उतरतोय हे कळूनही डोळे मिटून बसायचं, आणि मग पोलीस आले की डोळे चोळत उठायचं. त्या गोड आवाजाच्या मुलीपेक्षा मला या माणसाची जास्त किळस आली. ती निदान खोटं बोलण्याचं काम करत होती. हा काहीच करत नव्हता. कोर्टात अर्ज करून, बरेच खेटे घालून, तेवढी रक्कम ताईला परत मिळाली. बाकीची गेली. मुलगी कोण, कुठून बोलत होती, ते कळलं नाही आणि कळेलसं वाटतही नाही.

मध्यंतरी ताईनं साइटवरचं आपलं नाव काढलं नाही. भाच्यानं एकदा फोनवर विचारलं, अजून आहे का ते. ती म्हणाली, "आहे. पैसे भरलेत ना मी, मुदत संपेपर्यंत राहू दे." खरं म्हणजे तिला तेवढ्यात एका गृहस्थांचा निरोप आला होता. कल्याणला एका हॉटेलात भेटायचं ठरलं. मी सोबत गेले आणि पलीकडच्या टेबलावर इडली मागवून बसले, कारण ताईनं मला तसंच बजावलं होतं.

ते गृहस्थ सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुली लग्न होऊन लांब. पहिल्या काही मिनिटांत त्यांनी आपल्या गुडघ्यांविषयी सांगितलं. मग विचारलं, तुम्हाला पथ्याचा स्वयंपाक येतो का. ताई परत येताना रिक्षात म्हणाली, "यांना बायको नको, मेस हवी." तो विषय तिथे संपला.

दुसरे आले ते वेगळे. कल्याणातलेच, रेल्वेत होते, कानात ऐकायचं यंत्र, बोलणं थोडं आणि सरळ. ताईनं त्यांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. मेसेज, मुलगी, पोलीस ठाणं, सगळं. मी पलीकडच्या टेबलावरून बघत होते, की आता हे काय तोंड करतात. ते म्हणाले, "मलाही आला होता तो."

"मग?"

"मला वाटलं, माझं बुद्धिबळाचं मासिक. ते मी बंद केलंय आणि तरी ते पाठवतात. मी रागारागानं फोन लावला, पण नेमकी बॅटरी संपली. नाहीतर मीही गेलो असतो."

ताई हसली. ती त्या हॉटेलात मोठ्यानं हसली आणि दोन-तीन टेबलांनी वळून पाहिलं. मी माझी इडली संपवली आणि बिल देऊन बाहेर जाऊन उभी राहिले.

लग्न अजून झालेलं नाही. ताई म्हणते, इतक्यात नाही, आधी एकमेकांना कंटाळून तरी बघू. ते रविवारी कोपरला येतात, बाजारातून भाजी घेऊन. डाव मांडतात आणि ताईला शिकवतात. ती हरली की पट उलटा करते असं ते म्हणाले.

भाच्याला कळायचं होतं ते कळलं. सुनेनंच त्याला समजावलं असावं. ती मुलगी बोलते कमी, पण एका रविवारी ती त्याला घेऊन कोपरला आली, आणि येताना श्रीखंडाचा डबाही आणला. हे गृहस्थ तिथेच होते. ओळख झाली. भाचा सोफ्याच्या कडेवर बसला. बराच वेळ त्याला काय बोलावं सुचेना. मग त्याला सुचलं. त्यानं फोन बाहेर काढला आणि त्यांना समजावून सांगायला लागला, की काका, तुमच्या वयाच्या लोकांनी काय काळजी घ्यायला हवी. अनोळखी नंबर. लिंक. ॲप. पिन. अगदी पोलीस ठाण्याच्या दिवशीचा तो सूर.

गृहस्थांनी थोडा वेळ ऐकलं. मग त्यांनी अगदी सावकाश कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि भाच्याच्या तोंडाकडे पाहत, जिथे तो थांबेल तिथे मान डोलावत, शेवटपर्यंत बसून राहिले.